प्रयोगशाळेतील डुक्कर आणि आपले पहिले शील

माजी विद्यार्थ्यांच्या गेल्या मेळाव्यातील एक प्रसंग या स्मरणिकेत नोंदवून ठेवावा, असे आम्हां काही जुन्या विद्यार्थ्यांना वाटले. कारण त्या दिवशी सभागृहात विचारल्या गेलेल्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणालाच धड उत्तर देता आले नव्हते. आमच्याच तुकडीतला, आता शल्यचिकित्सक झालेला मित्र विद्यार्थ्यांशी बोलत होता. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया कशा होतात, हे तो पडद्यावर चित्रे दाखवून समजावीत होता. बोलण्याच्या ओघात त्याने सांगितले की, या शस्त्रक्रियांची नवी उपकरणे माणसाच्या पोटात घालण्याआधी प्राण्यांवर, बहुधा डुकरांवर, तपासली जातात. डुकराला पूर्ण भूल देतात, शस्त्रक्रिया करतात, आणि पुष्कळदा त्याला भुलेतून जागे होऊ न देताच त्याचा शेवट करतात. नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आम्ही रोज सकाळी वंदनेत पहिले शील म्हणतो. मग ते डॉक्टर शील मोडतात का?"

मित्र क्षणभर थांबला. "माणसाचा जीव वाचवायचा तर ते करावे लागते," एवढे बोलून तो पुढच्या चित्राकडे वळला. मुलगी खाली बसली. रात्री वसतिगृहाच्या ओसरीवर आम्ही सारे जमलो, तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, "उत्तर अर्धेच दिले मी." राहिलेले अर्धे शोधताना आम्हांस जे उमगले, ते येथे मांडत आहोत. सर्वांना ते पटेल, अशी आमची समजूत नाही.

प्रथम ज्या शस्त्रक्रियेविषयी बोलायचे, ती आपल्या जिल्ह्याला परकी नाही, हे सांगितले पाहिजे. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतल्या कोणत्याही वस्तीत जाऊन 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणजे काय, असे विचारावे. म्हाताऱ्या बायासुद्धा सांगतील. आपल्या आयाबहिणींपैकी कित्येकींचे कुटुंबनियोजन याच पद्धतीने, शिबिरांतून झालेले आहे. नाभीजवळ लहानसे छिद्र, त्यातून आत जाणारी नळी, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. 'बिनटाक्याचे' हा शब्द लोकांनीच घडवला. पुढे याच वाटेने पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय अशा एकेका अवयवाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ साली दुर्बिणीतून पोटाच्या आत पाहून निदान करण्यास आरंभ केला आणि १९९० साली त्याच रुग्णालयात भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्या काळी पुष्कळांनी याला श्रीमंतांची चैन म्हटले होते. उडवाडियांचे म्हणणे नेमके उलट होते. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्यालाच लवकर उठून कामावर जाण्याची गरज सर्वांत मोठी. म्हणून ही पद्धत गरिबाच्या सरकारी दवाखान्यात आली पाहिजे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत वीतभर टाके घेऊन महिनाभर खाटेवर पडणे म्हणजे काय, हे आपल्या पालकांना आम्ही समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

ही पद्धत दिसते सोपी, पण तिच्यात शल्यचिकित्सकाचे दोन मोठे आधार सुटलेले असतात. त्याचा हात आत नसतो आणि त्याची नजर थेट आत नसते. पोट कार्बन डायऑक्साइड वायूने, पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतक्या दाबाने फुगवतात. पाच किंवा दहा मिलिमीटर व्यासाच्या नळ्या पोटाच्या भिंतीतून आत जातात. एका नळीतून कॅमेरा व प्रकाश, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारे. पोट उघडे असताना एखादी रक्तवाहिनी सुटली, तर डॉक्टर बोटाने दाबून धरू शकतो. येथे ते बोट बाहेर राहिलेले असते. म्हणून सगळा भरवसा उपकरणावर. नळीचे टोकदार शस्त्र पोटाची भिंत भेदून अचूक थांबले पाहिजे. अर्धा इंच पुढे गेले तर पाठीच्या कण्यासमोरची मोठी रोहिणी फाटते. विजेच्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद करणारे उपकरण आहे. त्याची उष्णता शेजारच्या आतड्याला लागता कामा नये. लागली तर त्या दिवशी काही दिसत नाही, चार-पाच दिवसांनी आतड्याला भोक पडते.

आता असे एखादे नवे उपकरण कोणी तयार केले, तर ते कशावर तपासायचे? रबराच्या नमुन्यावर तपासता येते, संगणकावर तपासता येते, खाटिकखान्यातून आणलेल्या यकृतावर तपासता येते; आणि हे सर्व आधी केलेच पाहिजे. परंतु रबरातून रक्त वाहत नाही. मेलेल्या यकृतात नाडी नसते. रक्तवाहिनी बंद करणाऱ्या उपकरणांची कसोटी अशी असते की, सात मिलिमीटरपर्यंत जाडीची रोहिणी त्यांनी सांधावी आणि तो सांधा नेहमीच्या रक्तदाबाच्या तिप्पट दाबालाही फुटू नये. सांधलेल्या क्षणी तो टिकतो की नाही, हे कापून आणलेल्या नळीवर समजेल. आठवड्यानंतर, श्वास चालू असताना, रक्त वाहत असताना, जखम भरत असताना तो टिकतो का, हे केवळ जिवंत शरीरच सांगू शकते. डुकराच्या पोटातील अवयवांचे आकारमान आणि रक्तवाहिन्यांची जाडी आपल्याशी बऱ्यापैकी मिळतीजुळती आहे, म्हणून त्याची निवड होते.

येथे एक जरा बाजूचे, पण मनात आल्यावाचून राहत नाही असे. गावकुसाबाहेरची आपली वस्ती आणि डुकरे यांची सांगड आपल्याला हिणवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली. ज्या प्राण्याचे नाव शिवी म्हणून वापरले गेले, त्याच प्राण्याच्या आतड्याच्या अस्तरापासून रक्त गोठू न देणारे हेपॅरिन हे औषध बनते, त्याच्याच हृदयाच्या झडपा माणसांना बसवल्या जातात, आणि त्याचा मधुमेही माणसांना इन्सुलिन म्हणून कित्येक दशके उपयोग झाला. विटाळ मानणाऱ्यांच्याही नसांतून तो वाहिला आहे. असो.

या शस्त्रक्रियेचा उगमच एका प्राण्यापाशी आहे. १९०१ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत गेओर्ग केलिंग या शल्यचिकित्सकाने एका कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरली आणि मूत्राशय पाहण्यासाठी बनवलेली दुर्बीण आत घालून त्याच्या पोटाचे अंतरंग पाहिले. माणसाच्या पोटात अशी नजर टाकली गेली ती त्यानंतर, १९१० साली, स्वीडनमध्ये. आपल्या मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली भारतातले पहिले हृदयारोपण केले, त्यामागेही त्यांच्या चमूचे कुत्र्यांवरील अनेक वर्षांचे प्रयोग होते. केलिंगचे नाव ग्रंथांत आहे, सेनांचे आहे. त्या कुत्र्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. बहुधा ठेवलीच नसतील.

मग शीलाचे काय?

आपण पंचशील ग्रहण करतो तेव्हा 'शिक्षापद' हा शब्द उच्चारतो. तो आज्ञेचा शब्द नाही, शिकण्याचा आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना याच ठिकाणी बोट ठेवले आहे. तथागतांनी अहिंसा हा कडक नियम म्हणून सांगितला नाही, तर तत्त्व म्हणून, जगण्याची रीत म्हणून सांगितला, अशी त्यांची मांडणी आहे. नियमाला माणूस बांधला जातो. तत्त्व त्याला विचार करण्यास मोकळे ठेवते. आणि त्या विचारासाठी बाबासाहेब एक कसोटी देतात: मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोहोंतील भेद. यज्ञात पशू मारणे ही गरज नव्हती. तेथे केवळ इच्छा होती, म्हणून तथागतांनी त्याचा निषेध केला. आम्हांस वाटते, त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथून सुरू होते. डॉक्टरने शील मोडले की नाही, हे डुक्कर मेले की नाही यावरून ठरत नाही. ते मारण्याची खरोखर गरज होती का, आणि ती गरज कोणी, कशी तपासली, यावरून ठरते.

पण ही कसोटी सोयीची पळवाट होऊ शकते, हेही आम्ही जाणतो. 'गरज' हा शब्द फार लवचिक आहे; यज्ञ करणाऱ्यालाही आपली गरजच वाटत होती. सम्राट अशोकाने पहिल्या शिलालेखात आपल्याच मुदपाकखान्याचा हिशेब दिला आहे. पूर्वी तेथे रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता केवळ तीनच, दोन मोर व एक हरीण, आणि हरीणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. एवढ्या मोठ्या राजाने दगडावर कोरून आपल्या स्वयंपाकघराची कबुली द्यावी, आणि 'आता बंद' असे खोटे न सांगता 'अजून तीन' असे खरे सांगावे, याचे आम्हांस फार मोल वाटते. गरज मोजायची, उघड सांगायची आणि कमी करत न्यायची, अशी ती रीत आहे. इंग्लंडमधील रसेल व बर्च या दोघा शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्राण्यांवरील प्रयोगांसाठी पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा असे जे तीन दंडक घालून दिले, ते आज जगभर मानले जातात. अशोकाच्या लेखाशी त्यांचे नाते आम्हांस जवळचे दिसते.

आता त्या प्रश्नाची दुसरी बाजू. समजा, उद्यापासून एकही नवे उपकरण कोणत्याही प्राण्यावर तपासायचे नाही, असे ठरले. मग ते पहिल्यांदा कोणाच्या पोटात जाईल? आमदाराच्या? कारखानदाराच्या? इतिहास आपल्याला चांगला ठाऊक आहे. २०१४ च्या नोव्हेंबर महिन्यात ओडिशातील अंगुल जिल्ह्यात एका शिबिरात ५६ स्त्रियांची पोटे फुगवण्यासाठी सायकलचा पंप वापरण्यात आला. वायूचा दाब नियंत्रित करणारे यंत्र उपलब्ध नव्हते, आणि पंप होता. त्याच महिन्यात छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांतील शिबिरांनंतर किमान १३ स्त्रिया दगावल्या. त्या बहुतेक दलित, आदिवासी आणि मागास जातींतल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करावीत, असा आदेश दिला.

या दोन्ही घटना काही प्राण्यांवरील चाचणीच्या अभावामुळे घडल्या नाहीत, हे मान्य. सायकलच्या पंपाला कोणत्या चाचणीची परवानगी लागली असती? परंतु त्यांच्यामागची सवय आम्हांस ओळखीची वाटते. ज्याच्या शरीराला समाजात किंमत नाही, त्याच्या शरीरावर 'चालून जाईल' ते चालवून पाहायचे, ही ती सवय. जिवंत प्राण्यावरची चाचणी नाकारून आपण हिंसा टाळली, असे समाधान मानायचे आणि तीच चाचणी नकळत एखाद्या शेतमजूर बाईवर होऊ द्यायची, याला आम्ही करुणा म्हणू शकत नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जे उपकरण खरोखर नवे आहे, ज्याच्या चुकीने माणूस दगावू शकतो, आणि ज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न अन्य कोणत्याही मार्गाने सुटत नाही, त्याची चाचणी पूर्ण भुलेखाली, कमीत कमी प्राण्यांवर करणे आम्ही गरज मानतो. भारताचे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ साली आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. नव्या प्रकारच्या उपकरणाची माणसांवर चाचणी करण्याची परवानगी मागताना आधी प्राण्यांवर काय आढळले, याची माहिती त्या नियमांनुसार द्यावी लागते. हे आम्हांस योग्य वाटते.

मात्र 'खरोखर नवे' या दोन शब्दांवर आमचा सारा भर आहे. बाजारात जे नवे म्हणून येते, त्यातले पुष्कळसे मुठीचा आकार बदललेले आणि किंमत वाढवलेले जुनेच असते. त्याच्यासाठी एक डुक्करही मारणे म्हणजे बाबासाहेबांच्या भाषेत केवळ इच्छा. त्याहून अधिक खटकते ते हात साफ करण्यासाठी केलेले प्रयोग. दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या कार्यशाळांतून जगभर भूल दिलेली डुकरे वापरली गेली आहेत. ती उपकरणाची चाचणी नसते. शिकाऊ डॉक्टरांच्या हाताची तालीम असते. आपल्याकडच्या १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने, कलम १७ मध्ये, याविषयी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. प्रयोग योग्य काळजीने, दयेने आणि पुरेशा भुलेखाली व्हावेत. पुस्तके, नमुने, चित्रफिती यांनी भागत असेल तेथे प्राणी वापरू नयेत. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये. आणि केवळ हस्तकौशल्य मिळवण्यासाठी शक्यतो प्रयोग करू नयेत. 'शक्यतो' या शब्दातून काय काय निसटते, ते कायदा जाणणाऱ्यांनी पाहावे. पण कायद्याची दिशा कोणती, याविषयी शंका नाही.

आणि हाताच्या तालमीला पर्याय नाही, असे आता कोणी म्हणू शकत नाही. जर्मनीतील कुर्ट झेम यांनी, ज्यांनी १९८० साली दुर्बिणीतून पहिले अपेंडिक्स काढले, त्यांनीच तालमीसाठी बंद पेटी तयार केली होती. आमचा मित्र पदव्युत्तर शिक्षण घेत असताना पुठ्ठ्याचे खोके, त्याला दोन भोके, आत मोबाईलचा कॅमेरा आणि जुनी हत्यारे अशी पेटी त्याने खोलीवर बनवली होती. हरभऱ्याचे दाणे एका वाटीतून उचलून दुसरीत टाकायचे, रबराचा पट्टा खिळ्यांवर चढवायचा, रबरी मोज्याच्या फाटलेल्या बोटाला टाका घालायचा. पडद्यावर हात उजवीकडे नेला की हत्याराचे टोक डावीकडे जाते; ते अंगवळणी पडायला त्याला पाच महिने लागले. आमच्या पिढीने अकरावी-बारावीला बेडूक फाडला. त्यातून कोणाला काय समजले, हे आजही आठवत नाही. क्लोरोफॉर्मचा वास तेवढा आठवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या वर्गांतून ती फाडाफाडी थांबवण्यास सांगितले, आणि त्यामुळे प्राणिशास्त्र बुडाले नाही.

प्राण्यांवर तपासले म्हणजे माणसाला धोका उरला नाही, असे समजणेही भाबडेपणाचे होईल. गर्भाशयाच्या गाठी दुर्बिणीतून काढता याव्यात म्हणून त्यांचे आतच तुकडे करणारे विजेवर चालणारे एक उपकरण निघाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली त्याविरुद्ध इशारा दिला. गाठीत लपलेला कर्करोग असेल, तर त्या तुकड्यांबरोबर तो पोटभर पसरण्याचा धोका होता. निरोगी, तरुण डुकराच्या पोटात लपलेला कर्करोग नसतो. मग तो धोका तेथे दिसणार कसा? म्हणून प्राण्यानंतरचा पहिला माणूस हा सर्वांत महत्त्वाचा. त्याला आपण पहिला आहोत, हे त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. वाराणसीच्या श्रेष्ठीचा मुलगा कोलांट्या मारताना आतड्याला गाठ पडून मरणपंथाला लागला होता. जीवकाने लोकांना बाहेर काढले, पडदा लावला, मुलाला खांबाला बांधले, त्याच्या पत्नीला समोर उभे केले, पोटाची त्वचा चिरून आतडे बाहेर काढले आणि गाठ तिला दाखवली: हा पाहा तुझ्या पतीचा आजार. मग गाठ सोडवली, आतडे आत ठेवले, पोट शिवले. राजवैद्य होता तो. दाखवण्याची त्याला काय गरज होती? आज संमतीच्या कागदावर अंगठा घेताना तेवढेही कोणी दाखवत नाही.

देशात प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, आणि प्रत्येक संस्थेची स्वतःची समिती असावी लागते. डुकरासारख्या मोठ्या प्राण्यावरचा प्रयोग असेल, तर मंजुरी केंद्राकडून घ्यावी लागते. संस्थेच्या समितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, आणि केंद्राने नेमलेला एक सदस्य असा असतो, जो शास्त्रज्ञ नाही, पण सामाजिक जाणीव असलेला आहे. ही खुर्ची आम्हांस फार महत्त्वाची वाटते. त्या खुर्चीवर बसून 'हे खरोखर नवे आहे का? दहा डुकरे कशाला, सहा का नाहीत? मागच्या प्रयोगात काय फसले, ते कोठे लिहिले आहे?' असे विचारायला शल्यशास्त्राची पदवी लागत नाही. ज्यांनी रोज सकाळी पहिले शील म्हटले आणि ज्यांच्या आयांनी शिबिरातली दुर्बीण सोसली, त्यांच्यापेक्षा त्या खुर्चीचा अधिकारी कोण? आपल्या शाळेतून शिक्षक झाले, वकील झाले, तहसीलदार झाले. त्या समितीवर बसलेला कोणी आमच्या ऐकिवात नाही.

आणि शेवटी एक गोष्ट, जी लिहिताना आम्ही अडखळलो. २०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आजवर आपली मुले अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे जात. आता जिल्ह्यातच शिकतील. तेथे शरीरशास्त्र शिकायला मृतदेह लागतील, पुढे शस्त्रक्रियेची तालीम करायलाही लागतील. अलीकडे मृतदेह मऊ राहावेत अशा रीतीने जतन करता येतात; त्यांच्या पोटात वायू भरून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची तालीम होऊ शकते. मृतदेहातून रक्त येत नाही, म्हणून तो सर्वच बाबतींत डुकराची जागा घेणार नाही. पण नळी कोठून घालावी, अवयव कोठे सापडतो, हात किती वळवावा, एवढे तरी त्यावर शिकता येते. केवळ हात साफ करण्यासाठी प्राणी मारू नका, असे आपण म्हणणार असू, तर डॉक्टर आपल्याला विचारतील: मग तुम्ही काय देता?

देहदान १९४९ सालच्या शरीरशास्त्र कायद्याखाली करता येते. हयातीत इच्छापत्र भरायचे, जवळच्या नातेवाइकांच्या सह्या घ्यायच्या. अपघाती मृत्यू असेल, शवविच्छेदन झाले असेल किंवा काही संसर्गजन्य रोग असतील, तर देह स्वीकारला जात नाही. कागद एवढाच. अडचण कागदाची नसते. आमच्या घरांत हा विषय काढला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो अग्नी कोणी द्यायचा याचा, दुसरा जलदानविधीला काय ठेवायचे याचा. पुण्यानुमोदनाला देह लागत नाही, असे आमच्यातल्या एकाने समजावून सांगितले. त्याची आई म्हणाली, "तुला शिकवला तो मेल्यावर चिरायला का?" त्यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही नाही.

आम्ही चौघांनी अर्ज आणले. तिघांचे भरून झाले आहेत. चौथा आमचा तो शल्यचिकित्सक मित्र. त्याचा अर्ज भरलेला आहे, पण पत्नीची सही व्हायची आहे. ती म्हणते, आधी सारे नीट समजावून सांगा, मग करीन. येत्या वर्धापनदिनी तो तिला घेऊन शाळेत येणार आहे. ती नववीतली मुलगी आता दहावीत गेली असेल. तिलाही त्या दिवशी समोर बसवावे, अशी आम्ही मुख्याध्यापकांना विनंती केली आहे.